एकोणिसावी टाचणी

४ नोव्हेंबर, मंगळवार

पथक मिळालं. चार माणसं, दोन मोटारसायकली आणि एक खोली — तिच्यात आजवर जप्त केलेल्या सायकली ठेवत. साखळीचोरांसाठी वेगळं पथक द्या, असं मी दोन वर्षं मागत होते. दोन वर्षं साहेब म्हणत होते, "बघू." अठरा बायकांच्या गळ्यातून साखळ्या गेल्या तोवर बघत होते. मग गेल्या महिन्यात एकोणिसावी गेली. माझ्या आईची. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली : फौजदारबाईंच्या आईलाच हिसका. साहेबांना वरून फोन आला. साहेबांचं बघून झालं.

आज एवढंच म्हणाले, "सहा आठवडे. नाहीतर माणसं परत द्यावी लागतील."

होईल म्हणाले. कशाच्या जोरावर म्हणाले, ठाऊक नाही.

५ नोव्हेंबर

खोली झाडली. शहराचा नकाशा भिंतीला लावला. जिथे जिथे चोरी झाली तिथे लाल मण्याची टाचणी. एकोणीस. आमचे हवालदार आले. निवृत्तीला आठ महिने उरलेत, गुडघे कुरकुरतात, जीभ नाही. नकाशाकडे पाहून म्हणाले, "गोवर आलाय."

आई आजही बाहेर पडली नाही. रोज संध्याकाळी तासभर फिरून येणारी बाई. तिचे फिरायचे बूट दाराशी तसेच पडून. मी पुसायला घेतले तर म्हणाली, "राहू दे. हात लावू नकोस त्यांना." गळ्यावरचा वळ गेला. भीती गेली नाही. जेवताना मी साहेबांच्या नावाने बोटं मोडत असते, ती ऐकत असते. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली तिने. ऐकण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

तिला पुन्हा त्या बुटांत बघायचंय. पथक मला मुख्यतः त्यासाठी हवं होतं. हे साहेबांना सांगण्यासारखं नाही.

७ नोव्हेंबर

सगळ्या फिर्यादी वाचल्या. पहिलीपासून, क्रमाने. मी साहित्यात एम.ए. आहे, हा ठाण्यातला जुना विनोद. पण फिर्याद हा शेवटी वाचायचाच मजकूर. बाई बोलते, अंमलदार लिहितो, आणि तिचं बोलणं त्याच्या भाषेखाली गाडलं जातं — "सदर इसमाने हिसका मारून पोबारा केला." त्या ढिगातून तिचे स्वतःचे शब्द शोधायचे.

शाळेतल्या बाई : "ऊन डोळ्यांवर होतं." दवाखान्यातली परिचारिका : "उन्हामुळे नंबर दिसला नाही." साक्षीदार दुकानदार : "समोर नुसतं लख्ख." एकोणीसपैकी अठरा फिर्यादींत ऊन आहे. आम्ही ते सबब म्हणून वाचत आलो. नंबर सांगता येत नाही ना, मग ऊन!

८ नोव्हेंबर

ते उन्हात पळतात.

१० नोव्हेंबर, सोमवार

नकाशावर ताडून पाहिलं. सकाळच्या चोऱ्या पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, संध्याकाळच्या पश्चिमेकडे जाणाऱ्या. मोटारसायकल बाईच्या मागून येते, मागे बसलेला साखळी ओढतो, गाडी सरळ सूर्याच्या दिशेने निघून जाते. मागे उरलेले सगळे साक्षीदार आंधळे.

हवालदारांचा विश्वास बसेना. सकाळी सव्वासातला मला त्या रस्त्यावर उभं केलं आणि पथकातल्या लंबूला शेजारून गाडी पळवायला लावली. मग विचारलं, "शर्ट कुठला होता?"

"काळा."

लंबू वळून आला. पिवळाधमक शर्ट. "स्वतःच्या लग्नातला आहे, मॅडम," म्हणाला.

एक टाचणी मात्र बसत नाही. आईची. दुपारी चार वाजता, ढगाळ दिवस, आमच्या घरामागची बोळ — तिथे मोटारसायकल जेमतेम वळते. हवालदार म्हणाले, "अठरा एका सुरात गातात, ही एकच बेसूर."

म्हटलं, अपवाद असतोच.

"असतो की," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

१२ नोव्हेंबर

बेत ठरला. आजवर आम्ही गस्त घालायचो ती गर्दीबरोबर, म्हणजे चोराच्या पाठीमागे. आता रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचं, ऊन आपल्या पाठीवर घेऊन. तो तोंड दाखवतच आपल्याकडे येईल. रस्त्याच्या तोंडाशी एक रिकामी हातगाडी, अर्धा रस्ता अडेल अशी. साध्या कपड्यांत. वेळ सूर्याची, ड्युटीच्या तक्त्याची नाही.

साहेब : "म्हणजे आता चोर पकडायला सूर्य भरती करायचा?"

"त्याला भत्ता द्यावा लागत नाही, साहेब."

हसले. सही केली.

रस्ते चार निवडले, माणसं चार. त्यातला एक मी आमच्या घरामागच्या बोळीत लावला. चौथा रस्ता सोडला. हवालदार म्हणाले, "तिथे माणूस वाया जाईल." मी ऐकलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

बायकांना भेटत फिरतेय — शाळांच्या फाटकांत, बागेत, दवाखान्याच्या रांगेत. एकच सांगणं : रस्त्याच्या उजव्या बाजूने चाला, गाड्या समोरून येऊ देत, पाठीमागून नको. एक आजी म्हणाल्या, "चाळीस वर्षांत नवऱ्याला माझी बाजू बदलता आली नाही, तू कोण गं?"

आज सकाळी पाहिलं. आजी उजव्या बाजूने. नवरा एकटाच डावीकडून.

२० नोव्हेंबर

विसावी गेली. चौथ्या रस्त्यावर. सोडलेल्या.

बाई पडल्या, मनगट मोडलं. शिवणकाम करतात. उजवंच मनगट. मी दवाखान्यात जाऊन आले. त्यांनी मलाच धीर दिला. जो माणूस तिथे असायला हवा होता तो माझ्या घरामागे भिंतीला टेकून उभा होता. आजच हलवला. हवालदार "मी म्हटलं होतं" असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

घरी आईला सांगितलं. सगळं — माणूस कुठे होता तेही. तिने विचारलं, "फार लागलंय का त्यांना?" मग ताट बाजूला सारलं. म्हणाली, "माझ्यासाठी कुणाला उभं करू नकोस. पुन्हा करू नकोस."

२७ नोव्हेंबर

काही नाही. ऊन आहे, चोर नाहीत. हवालदार हातगाडीशी बसून बसून काळे पडलेत. काल एकाने त्यांना केळ्यांचा भाव विचारला.

४ डिसेंबर, गुरुवार

पकडले!

सकाळी सात वाजून वीस मिनिटं. चौथ्याच रस्त्यावर. मी आणि हवालदार सूर्याच्या टोकाला. परिचारिका ड्युटी संपवून येत होत्या — होय, त्याच. आठवडाभरापूर्वी नवी साखळी घेतलेली — आणि सवयीने डाव्या बाजूने. मागून गाडी. हात. हिसका. मग गाडी आमच्याकडे वळली आणि पहिल्यांदाच मला सगळं दिसलं : नंबर, निळी टाकी, दोन चेहरे, मागच्याच्या मुठीत लोंबणारी साखळी. उन्हात घासून काढलेल्या भांड्यासारखं स्वच्छ.

हवालदारांनी हातगाडी ढकलली. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी! गाडी घसरली, दोघेही रस्त्यावर. मागचा उठून पळायला वळला तो उलटा, ऊन पाठीशी घेऊन, सरळ लंबूच्या मिठीत. कोणाला फार लागलं नाही. परिचारिकेनेच चोराचं कोपर पुसून दिलं आणि पुसता पुसता त्याला असं काही सुनावलं की लंबूने मान खाली घातली.

हवालदार हातगाडीवर बसले. म्हणाले, "केळी संपली."

५ डिसेंबर

गाडी चालवणारा गप्प. मागचा बोलका, तिशीचा, क्लबाकडून क्रिकेट खेळलेला. उन्हाचं कुठे सुचलं, विचारलं.

"मैदानात, मॅडम. सोपे झेल सुटतात ते कायम उन्हातच सुटतात. तुम्ही पहिल्याच, ज्या समोरून आलात."

हे कौतुक मी कुणाला सांगणार नाही. इथे लिहून ठेवते.

वीस चोऱ्या कबूल. एकेकीची वेळ आणि जागा आमच्या कागदांशी तंतोतंत. साखळ्याही मिळतायत. फक्त आईची नाही म्हणतो.

९ डिसेंबर

पाच दिवसांत एकही फिर्याद नाही. पथक कायम झालं. दोन शेजारच्या ठाण्यांनी नकाशे मागवले. साहेबांनी पत्रकारांना सांगितलं, "आम्ही सूर्याच्या स्थितीचा अभ्यास केला." बरं. शिवणकाम करणाऱ्या बाईंना साखळी परत दिली तेव्हा त्यांनी ती प्लास्टरच्या हाताने धरायचा प्रयत्न केला. मग दोघी हसलो.

माझं पाऊल आज जमिनीला लागत नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

१५ डिसेंबर, सोमवार

तो अजून नाहीच म्हणतो. "वीस सांगितले, एक लपवून मला काय मिळणार? त्या बोळीत गाडी वळते तरी का?"

हवालदारांनी टेबलावर दवाखान्यातले फोटो ओळीने मांडले. प्रत्येक बाईच्या मानेचा. पुढे निघालेल्या गाडीवरून साखळी ओढली की ती मागे कापते — सगळ्यांचे वळ मानेमागे. शेवटचा फोटो आईचा. वळ पुढे, गळ्यावर.

मी फोटो गोळा केले. म्हटलं, तिने घट्ट धरून ठेवली असेल.

"असेल."

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या दोषारोपपत्र कोर्टात. साहेब म्हणाले, "एकवीसच्या एकवीस टाका. आकडा पुरा दिसला पाहिजे. सही करून घेऊ त्याची." मी एकवीस लिहिले. तो खोटं बोलतोय असं मला वाटतं. वाटायलाच हवं.

चहाच्या वेळी आईला सांगितलं. म्हटलं, तुझी एकच नाकारतोय, पण सही करेल.

"करेल, की करून घेणार?"

मी माझा कप विसळायला घेतला. तिचा चहा तसाच राहिला.

१९ डिसेंबर

सकाळी नऊला आई दाराशी बसून बूट घालत होती. उजव्या बुटाच्या टोकातून मोज्याचा बोळा काढला, उलगडला. आत साखळी.

"नाही म्हणतो तर त्याने नाही घेतली." मग नाडी बांधत, वर न बघता : "अठरा बायकांच्या गेल्या, तुझे साहेब हलले नाहीत. म्हटलं, एक घरची जाऊ दे."

वळ?

"खरखरीत टॉवेल."

साखळी गळ्यात घातली. "चल. कागद जायच्या आत तुझ्या साहेबांना मीच सांगते. खोट्या फिर्यादीची जी काय शिक्षा असेल ती असेल."

वाहन नको म्हणाली. पाऊण तास चालली, उजव्या बाजूने, माझ्या चार पावलं पुढे.

मी नकाशावरची टाचणी काढलीय. वीस. हवालदारांनी पाहिलं आणि दाराशी आईसाठी खुर्ची नेऊन ठेवली. ती बसली नाही, सरळ आत गेली. दार बंद आहे. साहेबांचा आवाज येत नाही. नुसता तिचाच येतोय.