मुलतानसाठी रुई

५ डिसेंबर २०१२, धामणगाव रेल्वे

घोळ माझाच! मुलतानचे गिरणीमालक सफदरसाहेब रविवारी आपला सरकी काढायचा जिनिंग कारखाना बघायला येणार आणि त्यांच्या व्हिसावर गाव फक्त अमरावती. पाकिस्तानी पाहुण्याला व्हिसात लिहिलेल्या गावाबाहेर पाय टाकता येत नाही. निमंत्रणात मी सवयीने जिल्हा लिहून मोकळी झाले. मामंजी एवढंच म्हणाले, "दामिनी, आपल्या गावाचं नाव लिवाले काहून लाज वाटली?" रडूच आलं.

पाकिस्तानने कबूल केल्याप्रमाणे वर्षअखेरपर्यंत भारताला व्यापारात ‘सर्वाधिक पसंतीच्या देशाचा’ दर्जा दिला, तर आमच्या रुईच्या गाठी सरळ मुलतानला. नाही तर हा हंगाम शेवटचा. मामंजींनी तसं कामगारांनाही सांगून टाकलंय.

६ डिसेंबर

अब्दुल रहीमचाचा चाळीस वर्षं आमची रुई पारखतात. म्हणाले, "ते नाई येऊ शकत, त रुई तिकडं जाईन." पाच नमुने निळ्या कागदात बांधून ठेवले.

९ डिसेंबर, अमरावती

काय बघितलं आज! हॉटेलच्या खोलीत चाचांनी रुईची चिमूट घेतली. दोन्ही अंगठ्यांनी ओढली, जुळवली, पुन्हा ओढली. तंतू स्वतःच्या काळ्या टोपीवर ठेवले. "उनतीस," म्हणाले. म्हणजे एकोणतीस मिलिमीटर.

सफदरसाहेबांनी दुसरी चिमूट उचलली. तसेच अंगठे, तसंच जुळवणं. टोपीसुद्धा चाचांचीच मागितली! "उनतीस."

"किसने सिखाया?" चाचांनी विचारलं. "वालिद ने." म्हणजे वडिलांनी. "मुझे भी," चाचा म्हणाले.

एवढी सीमा, एवढे पोलीस, आणि हात मात्र एका घरचे.

हा दर्जा द्यावा म्हणून तिकडचे गिरणीमालक सरकारकडे अर्ज करणार आहेत. निघताना साहेब म्हणाले, "इस्लामाबाद में अर्ज़ी पर पहला दस्तख़त मेरा होगा." मी माझी चूकसुद्धा विसरले.

३१ डिसेंबर

वर्ष संपलं. दर्जा नाही. पाकिस्तान सरकार ‘थोडं थांबा’ म्हणे.

१२ जानेवारी २०१३

साहेबांचं पत्र आलं, उर्दूत. चाचांनी वाचून दाखवलं. बाहेरचा कापूस आला तर आमचा कोण घेणार, म्हणून तिकडचे शेतकरी मंत्रालयापुढे बसले. सगळ्यांत पुढे साहेबांचा सख्खा धाकटा भाऊ. साहेबांनी अर्जावरची सही मागे घेतली.

मामंजींनी पत्र हातात घेतलं. उर्दू येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिले. "मीबी हेच केलं असतं," म्हणाले, आणि मला कामगारांना बोलवायला सांगितलं.