मूळपुरुषांच्या मार्गाने

३ ऑक्टोबर, शुक्रवार
इथे आखातातल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी पहाटेत दहा मिनिटं मिळाली. विषय : हेवी मेटल रॉक संगीताचा उगम, गिटारवर प्रात्यक्षिकासह. सेक्रेटरी सुचित्राताईंना फक्त ‘वाद्यसंगीत’ एवढंच सांगितलंय. वरुण पहिल्या रांगेत बसेल. शाळेत त्याचा बँड आहे आणि वर्षभर चिरंजीव माझ्याशी ‘ओके’पलीकडे बोललेले नाहीत. चोवीसच्या कार्यक्रमानंतर स्वतःच म्हणेल, बाबा, आमच्या बँडमध्ये या.

७ ऑक्टोबर
अभ्यास जोरात. बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांची टोकं कारखान्यातल्या मशीनने उडवली. पठ्ठ्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, पुढे तारा सैल केल्या, आणि तो जडशीळ आवाज जन्मला. मीही व्हॉल्व्हच्या कंपनीत आहे. फक्त बोटं दहाही शाबूत, तेवढी एक अडचण. सौ. अलकाला सांगितलं तर म्हणाली, मग आज भेंडी तुम्ही चिरा.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सराव. वरच्या फ्लॅटमधल्या अजराबाईंनी विचारलं, शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ड्रिलिंग कसं चालू आहे? म्हणजे आवाज जमू लागलाय.

१५ ऑक्टोबर, दुपार
मोठा शोध! साठच्या दशकात किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने गिटारच्या अँपच्या, म्हणजे अॅम्प्लिफायरच्या, स्पीकरलाच ब्लेड मारलं. त्या फाटक्या आवाजातूनच पुढे मेटल आलं. वरुण शाळेत आहे. त्याचा अँप घरात आहे. ब्लेडही आहे. मूळपुरुष परवानग्या काढत बसले नव्हते.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
वरुणने स्पीकरवरचे काप बघितले आणि अँपवरचं एक बटण दाखवलं. त्यावर ‘डिस्टॉर्शन’ लिहिलंय. दाबलं की आवाज आपोआप फाटतो म्हणे. मग ‘इट्स ओके, बाबा’ म्हणून दार लावून घेतलं. एकदम तीन शब्द! पोरगा भारावलाय.

२२ ऑक्टोबर
सुचित्राताईंचा फोन. पाहुण्यांचं भाषण वाढल्यामुळे मला चार मिनिटं, तीही फराळ वाटताना. हरकत नाही. खाताना लोक निवांत ऐकतात.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
चकलीची रांग स्टेजपर्यंत आली होती. मी जेमतेम बर्मिंगहॅमला पोचलो तर सुचित्राताई म्हणाल्या, अनंतराव, खलास, वेळ संपली, आणि माइक घेऊन कोणाची तरी लँड क्रूझर हलवायला सांगू लागल्या. पहिल्या रांगेत अलका. शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स.

घरी आलो तर वरुणच्या खोलीत बँडची प्रॅक्टिस. अँप तोच. आवाज असा काही फाटत होता की मी पॅसेजमध्येच थांबलो. त्यांचा ड्रमर फैसल इंग्रजीत म्हणत होता, असा आवाज बटणाने येत नाही, ज्याने हा स्पीकर कापला त्याला आपल्या बँडमध्ये घेऊ या.

वरुण म्हणाला, सेकंडहँड घेतलाय. असाच आला होता.

वाईट वाटलं. दार अर्धं उघडंच होतं. गिटार पॅसेजमध्येच भिंतीला टेकवली आणि स्वयंपाकघरात अलकाला डबे आवरू लागलो.