पसरून ठेवलेली पानं

मंगळवार, १२ ऑगस्ट

पुन्हा कोरं पान. मी बोलते, लॅपटॉप लिहितो, मला वाचूनही दाखवतो — इथवर गुणी आहे. सकाळी मात्र ओळख विसरतो.

नात विनी म्हणते, "अगं आजी, यादीतून फाइलचं नाव निवड ना." नाव! मला ती मुंग्यांची रांग दिसते. आम्ही फिरस्ते. बाप पत्र्याच्या बादल्या ठोकायचा, घोडागाडी कुठल्या गावी पंधरवडा टिकायची नाही. शाळा काय गाडीमागे बांधून नेणार?

बुधवार, १३ ऑगस्ट

विनीनं येऊन जुनं पान उघडून दिलं. माझाच सोमवार मी ऐकला. बरी बोलते मी.

सप्टेंबरात ही पोर गॉलवे शहरात नर्सिंग शिकायला जाणार. आमच्या तळावरची पहिलीच. म्हटलं, "तू गेलीस की माझं पान कोण उघडणार? पोपट पाळू?"

हसली नाही. चहा ढवळत बसली.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

विनीनं सेटिंगमधली एक खूण काढली. म्हणे, आता ॲप बंद केलं तरी पुढच्या वेळी पानं आपोआप उघडतील. बघू.

शनिवार, १६ ऑगस्ट

कोरंच.

रविवार, १७ ऑगस्ट

चोर सापडला — मीच.

विनी शेजारी बसून माझे हात बघत होती. मी रोजच्यासारखं आधी एकेक पान मिटलं, मग ॲप.

"आजी, पानं आधी का मिटतेस?"

"तळ सोडताना मागे काही ठेवायचं नसतं. विस्तव विझवायचा, खुंटीसुद्धा उपटायची. बापानं तेवढंच शिकवलं."

"मग लॅपटॉपनं लक्षात काय ठेवायचं? पानं राहू दे पसरलेली. नुसतं ॲप बंद कर."

पसारा टाकून निघायचं! उभ्या जन्मात केलं नाही. आज केलं.

सोमवार, १८ ऑगस्ट

आलं. जसंच्या तसं. एकटीनं ऐकलं, ब्रेड खात खात.

बुधवार, २० ऑगस्ट

आज दोन पानं उघडली. दुसरं माझं नव्हतं. वाच म्हटलं, त्यानं वाचलं.

विनीचं पत्र, कॉलेजला. काल इथेच बसून लिहीत होती. मला म्हणाली, "काही नाही गं, अर्जाचं काम." ती गेल्यावर मी ॲप बंद केलं आणि शहाण्यासारखी पानं पसरून ठेवली. पत्रात होतं — मला ही जागा नको. आजीला वाचता येत नाही. तिला सोडून येता येणार नाही.

मध्येच थांबलंय. म्हणजे अजून पाठवलेलं नाही.

तो पोपट माझ्याच तोंडचा. मी थट्टा करून मोकळी झाले, पोरीनं मनात ठेवलं. आजचा ब्रेड तसाच राहिला.

गुरुवार, २१ ऑगस्ट

तिच्या पत्राखाली एवढंच बोलले: "विनी, हे पान मी एकटीनं उघडलं. तू गॉलवेला जा."

ॲप बंद केलं. पान मिटलं नाही. ती संध्याकाळी येईल.