मामा शटल आणायला गेले

४ मार्च

चि. घारीस, मामीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण तुझे मामा. येत्या सोमवारच्या बसने ते तुझ्याकडे येत आहेत. त्यांच्या शिलाई मशीनचं शटल गेलंय, आणि इतक्या जुन्या मशीनचं शटल तुमच्या जुन्या शहरातल्या बाजारातच मिळेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं कसलं, खूण! जन्मभर तोंडात टाचण्या धरून कपडे शिवले, त्यामुळे बोलायची सवयच राहिलेली नाही. रस्ता चुकले तरी कुणाला विचारणार नाहीत, नुसते चालत राहतील. उन्हासाठी लांब दांड्याची काळी छत्री दिली आहे. तुझी गाईडची परीक्षा तोंडावर आलीय हे ठाऊक आहे, पण मामांचा तुला काडीचाही त्रास व्हायचा नाही. असून नसल्यासारखे असतात.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती वाढती राहो.

तुझी मामी

१२ मार्च

ति. मामीस, घारीचा वाकून नमस्कार.

काडीचा त्रास झाला नाही हे खरं. झाला तो अख्ख्या शहराएवढा झाला.

काल माझी परीक्षा होती. बारा पर्यटक आणि त्यांच्याबरोबर एक परीक्षक, अशा तेराजणांना जुनं शहर दाखवायचं. घड्याळाच्या मनोऱ्याखाली काळी छत्री उंच धरलेला गाईड भेटेल, असं कचेरीने त्यांना कळवलं होतं. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चांभाराने दहा मिनिटं घेतली. पोचते तर मनोऱ्याखाली चिटपाखरू नाही! त्याच दहा मिनिटांत मामा तिथून छत्री उघडून गेले होते आणि तेराच्या तेराजण त्यांच्यामागे.

मामांना वाटलं, यांनाही शटलच हवंय. शेवटचं शटल हे लोक पटकावतील म्हणून ते भराभर चालू लागले. मग लोकही भराभर चालू लागले. लोहारगल्ली झाली, काचबाजार झाला. जुन्या वेशीपाशी मामा दम खायला थांबले, तेव्हा एका आजींनी विचारलं की ही कमान अशी वाकडी का. आणि मामी, मामा बोलले! म्हणाले, डावा खांदा उतरलाय, बांधणाऱ्याने माप नीट घेतलेलं नाही. तिथून जे सुटले ते थांबेचनात. बुरूज पोटावर घट्ट झालाय म्हणाले, कारंज्याला झालर जास्त लावलीय म्हणाले. लोक वहीत उतरवून घेत होते.

दोन तासांनी सगळे मला बटणांच्या बाजारात सापडले. मामा एका पायरीवर बसून परीक्षकांच्या कोटाची बाही उसवत होते. परीक्षकांनी माझ्या कागदावर लिहिलं होतं: उमेदवार गैरहजर. गयावया करून शनिवारी पुन्हा संधी मिळवली आहे. ती हुकली तर वर्षभर गाईडचा बिल्ला विसरायचा. मामांशी मी बोलणं टाकलंय, पण ते अजून त्यांच्या लक्षातच आलेलं नाही.

रागावले असले तरी तुझीच,
घारी

१३ मार्च

घरच्या मंडळींस,

शटल मिळालं नाही. घारीची परीक्षा माझ्यामुळे बुडाली. शनिवारी मी खोलीबाहेर पाऊल टाकणार नाही. त्या लोकांनी विचारलं आणि मी बोललो, एवढंच झालं. आपल्याला इतकं बोलता येतं हे मलाच माहीत नव्हतं. बरं वाटलं. हे घारीला कळवू नये.

इकडे ठीक, तिकडेही असावे.

१७ मार्च

ति. मामीस, घारीचा उड्या मारत नमस्कार.

पास झाले! पण कशी, ते ऐक. वेशीपाशी मी सगळ्या सनावळ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. लोक जांभया द्यायला लागले. घड्याळाच्या मनोऱ्याखाली आलो आणि त्याचं सालच आठवेना. शेवटी सरळ सांगून टाकलं की साल विसरले, पण घड्याळाला चावी देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. खालीच त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो खूश होऊन सगळ्यांना वर घेऊन गेला आणि नेमके बारा वाजले. पाव तास कुणाला काही ऐकू येत नव्हतं. परीक्षक कानांवर हात ठेवून हसत होते. खाली उतरल्यावर त्यांनी बिल्ला दिला आणि शिंपीबुवा कुठे आहेत म्हणून विचारलं, त्यांचा दुसरा कोटही सैल आहे.

शटल त्या घड्याळवाल्याच्याच डब्यात निघालं. मामा उद्या निघताहेत. खरं सांगायचं तर करमणार नाही मला.

लोभ कमी करू नकोस,
घारी

२६ मार्च

चि. घारीस, मामीचे आशीर्वाद, आणि बिल्ल्याबद्दल पाठीवर थाप.

तुझे मामा सुखरूप पोचले. मशीन सुरू झालं, आणि तेही. काल संध्याकाळी त्यांनी मला आपल्याच गल्लीतून हिंडवून आणलं. पाण्याच्या टाकीपाशी थांबून म्हणाले, ही फार जुनी, एका लठ्ठ सरदाराच्या मापाने बांधलेली. अगं, ती टाकी गेल्या वर्षी बांधताना मी खिडकीतून पाहिलीय! तरी मी विचारलं, सरदाराचं नाव काय. त्याला पाऊण तास लागला. घरी आलो तोवर भाजीचा कोळसा झाला होता. दोघांनी तोच खाल्ला आणि मामा जेवतानाही बोलत होते.

आता पुरे करते, हाक मारताहेत. आठवण ठेव.

तुझी मामी