पालथी काथवट

प्रिय आरेतोन,

हे पत्र कुठल्या जहाजावर द्यायचं ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कणीक मळता मळता मनातच लिहितेय.

ट्रॉयचं युद्ध संपल्यावर 'मीच तुझा नवरा' म्हणत दोघे आले. इतक्या वर्षांनी चेहऱ्यावरून काय ओळखणार? मी एकच विचारलं, "माझ्या कणीक मळायच्या काथवटीच्या बुडाला काय कोरलंय?" दोघेही पोटभर जेवून वाटेला लागले. तुझी आई गावभर सांगत सुटली, "सून असावी तर अशी!"

परवा तिसरा आला. दाढी पिकलेली, पण खांदे तुझेच. ऑलिव्हची बी तुझ्यासारखीच उंबऱ्याबाहेर थुंकला. मी उठले, काथवट धुतली आणि त्याच्यासमोरच उन्हात पालथी घातली. तू कोरलेली पाकोळी लख्ख दिसत होती. मग मी तोच प्रश्न विचारला.

त्याने पाकोळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाई, मी लबाड आहे खरा," तो म्हणाला, "पण तुला फसवायला जीभ धजत नाही गं." आणि भाकरीला हातही न लावता निघून गेला.

गाव अजून माझंच कौतुक करतंय.

तू ये रे. पाकोळी विसरला असलास तरी ये. मळून झालं की काथवट मी आता रोज दाराशीच वाळत घालते, पालथी.

तुझीच,
थेओनी