कापलेलं गवत

१५ सप्टेंबर

विळा काढला आणि तो तसाच हातात राहिला, ग्यू-तेक. बाबांच्या थडग्यावरचं गवत कुणीतरी आधीच कापलं होतं. कडेला भारा रचलेला, अजून ओला.

मी बरा आहे. तुझ्या घरची मंडळी खुशाल असतील.

आता खरं सांग, कधी आलास? मागच्या पत्रात तू लिहिलंस की चुसोक आता फक्त कॅलेंडरात उरलाय. फळं बारा महिने दुकानात मिळतात, गावातलं भातही सणाला हिरवंच असतं, मग सुगीचा सण कसला? बाबांना उकरून, दहन करून, शहरातल्या अस्थिघरात काचेच्या कप्प्यात ठेवू, असंही लिहिलंस. मी उलट लिहिलं होतं, सणाआधी गवत कापायला मी आहे तोवर बाबा डोंगरावरच राहतील.

म्हणून पहिला संशय तुझ्यावरच आला. थडगं हलवायच्या मोजणीला माणूस आणला असशील, त्याच्यासाठी जागा साफ केली असशील. माझ्या दारावरून तसाच गेलास, हे जास्त लागलं. खुंट्या शोधल्या. नव्हत्या. बुटांचे ठसे पाहिले. तुझे पाय एवढे मोठे नाहीत, पण माणूस बूट बदलतो.

मग तांदळाची दारू ओतली, दोनदा जमिनीला डोकं टेकलं आणि तुझी तक्रार केली.

मागून आवाज आला, "सापडलात, आजोबा!"

पन्नाशीचा माणूस, खांद्यावर गवत कापायचं यंत्र. ओढ्यापलीकडच्या गावचा, ग्वाक मू-योंग.

"दोन वर्षं येतोय, तर आमचं गवत आधीच साफ. बायको म्हणते, कुणीतरी जमिनीवर हक्क सांगायला टपलंय. म्हणून यंदा लवकर आलो, कापलं आणि झाडाआड बसलो."

"हे माझे वडील आहेत," मी म्हणालो.

"तुमचे? मग माझे कुठे ठेवलेत?"

"तुमचे ते," त्याने वर बोट दाखवलं. मी चढून जवळ गेलो. तिथे कमरेएवढं गवत होतं. मातीच्या उंचवट्यातून एक काटेरी रोप वर आलेलं, बोटाएवढं जाड.

मी म्हणालो, रस्त्यासाठी पाइनची झाडं तोडली, थडग्याची खूण गेली.

"पाइन तोडून पाच वर्षं झाली, आजोबा." मग त्याला वास आला. "अहो, आमचे बाबा दारूला शिवत नव्हते! दोन वर्षं पाजताय त्यांना?"

तो हसला. मीही हसलो. मग तो खाली उतरून गेला.

ग्यू-तेक, पाइनचा दोष नाही. डावा डोळा आता फक्त उजेड सांगतो. उजव्यातही धुकं आहे. डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो तर तुला कळलं असतं, आणि कळलं असतं तर तू बाबांना काचेत नेलं असतंस. तुला लिहीत होतो की मी सांभाळतोय. दोन सण मी परक्या माणसाला सांभाळत होतो.

सण कशाला, असं तू विचारतोस. हा एक दिवस नसता तर बाबा हरवलेत हेही मला कळलं नसतं. याहून जास्त उत्तर माझ्याकडे नाही.

चोवीस तारखेला ये. थडगं हलवायचे कागद आणायचे तर आण. सही करेन की नाही, ते आज सांगत नाही. आधी माझ्याबरोबर वर चल आणि माझा हात बाबांच्याच मातीवर ठेव.

तुझ्यावर उगाच संशय घेणारा,
तुझा दादा
ग्यू-बोम

१६, सकाळी. ग्वाक यंत्र घेऊन दारात आला. म्हणाला, दोन वर्षांचं एका सकाळीत फेडतो. वर बाबांच्या थडग्यावरचं सगळं गवत त्याने कापलं. काटेरी रोपाचं मूळ निघालं नाही, ते बुंध्यापाशी तोडलं. तोवर मी खाली त्याच्या वडिलांच्या कडेचं राहिलेलं गवत काढलं. साडेनऊला दोघं उतरलो.