न तरंगलेल्या, न बुडालेल्या स्टुलाविषयी

प्रिय भावजी,

भंगारवाल्याने स्टूल परत आणून दिलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. नाहीतर बावीस वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आपणहून लिहिणाऱ्यातली मी नाही, हे तुम्ही जाणताच. तब्येत बरी असेल. (गुडघ्यांचं विचारत नाही, चार पानं लिहाल.)

लेकीकडे कायमची राहायला चालले आहे, म्हणून घर रिकामं करायला काढलंय. हा भंगारवाला प्लास्टिकचा तुकडा कापून बादलीत टाकतो: तरंगला तर एक ढीग, बुडाला तर दुसरा. आपल्या स्टुलाचा तुकडा पाण्यात मधोमध थांबला. त्याने काडीने ढोसलं, बादली बदलली, शेवटी म्हणाला, "बाई, हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही. तुमचं तुम्हालाच ठेवा." मी त्याला दारातच शिकवायला घेतलं, की बाबा, यात तरंगणारं पॉलिप्रॉपिलीन निम्मं आणि बुडणारं नायलॉन निम्मं. नुसती वितळवून ढवळली तर गार होताच दोघं वेगळ्या चुली मांडतात आणि पापुद्रे सुटतात. मध्ये तिसऱ्या डब्यातले दाणे लागतात. त्यांचं एक अंग ह्याच्यात मिसळतं, दुसरं त्याला घट्ट धरतं. शंभर किलोला तीन किलो पुरे. (तो "बरं" म्हणाला आणि तराजू उचलून चालता झाला.)

मग त्याच स्टुलावर बसून राहिले. आपली स्टुलं बनवायची पत्र्याची शेड आठवली. तुम्ही नमुन्याची पट्टी वाकवून कानाशी धरायचात आणि ती करकरली की मशीनपलीकडून ओरडायचात, "वहिनी, अजून भांडतायत!" एक दिवस पट्टी वाकली, पण बोलली नाही. तुम्ही ती दिवसभर खिशात घेऊन हिंडलात. त्याच घाण्यातलं हे स्टूल.

पुढच्या घाण्याचं सांगायला नको. गिऱ्हाइकांसमोर तुम्ही ऐटीत त्यातल्या स्टुलावर चढलात, बैठकीचे पापुद्रे सुटले आणि तुम्ही जमिनीवर. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "तिसऱ्या डब्यात काटकसर केलीत ना?" तुम्ही हातमोजे काढून ठेवलेत आणि गेलात ते गेलातच. तुमचा तापट स्वभाव, दुसरं काय!

तुमची,
वहिनी

ता. क. माळ्यावर माझी नोंदवही सापडली. त्या पडलेल्या घाण्याच्या पानावर दोन्ही प्लास्टिकची वजनं आहेत, तिसऱ्या डब्याचा रकाना कोरा. अक्षर माझं. डबा घालायला मीच विसरले होते. हे वाक्य पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाचा.

आणखी एक ता. क. रविवारी घराला कुलूप लागेल. तुमच्याकडे पोचवायला टेंपोवाल्याच्या ताब्यात दिलं: स्टूल एक (कड कापलेली), नोंदवही एक (पान दुमडलेलं), तुमचे हातमोजे, जोडी एक. टेंपो परत रिकामाच येणार आहे. त्यातून आणायचं: भावजी, नग एक.